बोटभर अंतर, १७० मीटर टाका आणि सहाशे रुपये

कराडजवळच्या एका गावातून पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणालीय म्हणून मजकूर तेवढा थोडक्यात सांगते. वय ३४, नवरा एमआयडीसीत, दोन मुलं शाळेत. चार वर्षं झाली, घरी वाकळा, म्हणजे जुन्या साड्यांच्या गोधड्या, शिवते. लोक आपल्या आईच्या, आजीच्या साड्या आणून देतात, ही आणि सासूबाई मिळून वाकळ करतात, वर कोपऱ्यात नाव नाहीतर एखादी वेल भरून देतात. पाच बाय सातची वाकळ, ६०० रुपये. कामाला तोटा नाही, पण हातात काही उरत नाही आणि मान-पाठ गेली. आता तीन गोष्टी एकदम आल्यात. एक, पुण्यातल्या बाळांच्या कपड्यांच्या दुकानवालीने बारा दुपटी-वाकळा मागितल्यात, प्रत्येकीवर बाळाचं वेगळं नाव, २० दिवसांत, ३५० रुपये नग. दोन, नवरा म्हणतो कर्ज काढून कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशिन घेऊ, १ लाख ३५ हजाराचं. आणि तीन, पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं: एका ताईच्या वारलेल्या आईची मोतिया रंगाची सुती साडी हिने मरून रंगाच्या इरकली साडीबरोबर एकाच बादलीत भिजवली, सकाळी साडीभर गुलाबी डाग. तीन आठवडे झाले, ताईला अजून सांगितलेलं नाही, ती "झाली का" म्हणून विचारतेय. "ताई, डागावर ठिगळं लावून, वर वेल भरून दिली तर चालेल का? कळणार नाही तिला."

अगं, आधी ह्या साडीचंच बोलू. भाव, मशिन पुढच्या आठवड्यातही ठरवता येईल, हे मात्र आजच.

कळणार नाही असं तू म्हणतेस पण तिला कळणार. आईच्या साडीचा रंग लेकीला डोळे मिटून माहीत असतो, कुठे हळदीचा डाग आहे आणि पदराचं कुठलं टोक चावलेलं आहे तेसुद्धा. आणि नाही कळलं तरी तुला माहीत राहणार ना, ती वाकळ तू तिच्या हातात देताना तिच्या डोळ्यात बघू शकणार आहेस का. म्हणून फोन कर. मेसेज नको, फोन. जवळ राहत असेल तर साडी घेऊन जा. काय झालं ते सरळ सांग, दोन साड्या एकत्र भिजवल्या, चूक माझी. साडी जुनी होती, रंग कच्चा होता, असलं काही म्हणू नकोस, रंग इरकलीचा कच्चा होता पण एकत्र तू भिजवलीस. ती रडेल, बोलेल, बोलू दे. भरपाईचा आकडा तू काढू नकोस, त्या साडीची किंमत होत नाही आणि तू पाचशे देते म्हणालीस तर ते अजून लागेल तिला. ॲडव्हान्स घेतला असशील तर सगळा परत, शिलाई घेणार नाही म्हणून सांग, आणि पुढे काय करायचं ते तिला ठरवू दे. डागासकट जशी आहे तशी परत हवी, का डाग काढून बघायचा, का चांगला राहिलेला भाग घेऊन छोटं काहीतरी करायचं, उशीची खोळ म्हण, दुपटं म्हण.

डाग काढायला तिने हो म्हटलं तरच हात लाव. साडी एकटीच, मोठ्या टबात, भरपूर कोमट पाणी आणि साधी कपड्याची पावडर, तास-दीड तासाने पाणी बदलायचं, पाण्यात गुलाबी उतरतंय तोवर करत राहायचं. जुन्या सुताला ब्लीच अजिबात लावू नकोस, डाग जाईल आणि महिन्याभरात तिथेच साडी विरेल. डाग असेपर्यंत इस्त्रीही नको, उष्णतेने डाग पक्का बसतो. तीन आठवडे वाळलेला डाग आहे, पूर्ण जाईलच असं नाही, थोडी छटा राहील, हेही तिला आधीच सांग.

आणि इथून पुढे आलेली प्रत्येक साडी आधी तपासायची. पांढरं सुती फडकं ओलं करून साडीच्या आतल्या कोपऱ्यावर दाबून चोळायचं, मरून, लाल, गडद हिरवा, निळा, काळा यांना तर दोन-दोन ठिकाणी. फडक्यावर रंग आला की ती साडी वेगळी. मिठाच्या नाहीतर तुरटीच्या पाण्यात भिजवायची आपल्याकडे पद्धत आहे, मीही करते, पण त्याने रंग पक्का झालाच असं धरून चालू नकोस, भिजवल्यावर परत फडकं लावून बघ. तरी सुटत असेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं की ही साडी फिक्या साडीच्या शेजारी लावता येणार नाही, कारण वाकळ तू आज कोरडी शिवून दिलीस तरी ती उद्या घरी धुणारच आहे.

माझंही एक सांगते. मला ह्या कामात आता अठरा वर्षं झाली, हे सुरुवातीचं आहे. एका बाईंनी आजीचं लुगडं आणून दिलं होतं, नऊवारी, हिरवं, छान मऊ झालेलं. त्यात पदराच्या खाली हाताएवढा भाग रफू केलेला होता, इतकं बारीक रफू की उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हतं. मी तो भाग खराब म्हणून कापून बाजूला काढला, चिंध्यांत गेला, चिंध्या गेल्या. गोधडी बघून त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, रफू कुठंय. आजीने स्वतः केलेलं होतं ते, दिवा लावून, आणि त्यांना गोधडी खरं तर तेवढ्या तुकड्यासाठी हवी होती. मी काय उत्तर देणार होते. त्या गोधडी घेऊन गेल्या, पैसे दिले, परत कधी आल्या नाहीत. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. साडी आली की गिऱ्हाइकासमोर पूर्ण उलगडायची, फोटो काढायचे, कुठे विरलीय, कुठे डाग आहे ते बोलून लिहायचं आणि विचारायचं की ह्यातलं काय काय राहायलाच हवं. कात्री लावायच्या आधी तुकडे जमिनीवर मांडून फोटो पाठवायचा आणि "हो" असं उत्तर आल्याशिवाय कापायचं नाही. आणि चिंधीसुद्धा फेकायची नाही, उरलेलं सगळं पिशवीत घालून परत, जरीचे काठ तर पहिले परत, जुन्या काठात खरी जर असली तर त्यात चांदी असते आणि त्यावरून उगाच संशय नको.

आता भावाचं. तू लिहिलंस "एवढ्याशा गावात कोण जास्त देणार". थांब, आधी मोजू या, तू काय विकतेस ते तुलाच अजून दिसलेलं नाही.

पाच बाय सात फूट म्हणजे ६० इंच गुणिले ८४ इंच. तू बाहेरून आत फेरे घालत जातेस आणि दोन ओळींत बोटभर अंतर ठेवतेस असं लिहिलंयस, बोटभर म्हणजे धर पाऊण इंच. ५०४० भागिले पाऊण, ६७२० इंच. मीटरमध्ये १७०. एका वाकळेत तू आणि सासूबाई मिळून १७० मीटर धावदोरा घालता, पाच थरांतून, हाताने. माझा हात बरा चालतो, मी घड्याळ लावून बघितलंय, सुईत दोरा ओवणं, गाठ मारणं, मध्ये पाठ सरळ करणं धरून तासाला साडेपाच मीटर. म्हणजे नुसते टाके ३१ तास. साडी धुणं, इस्त्री, कापणं, जोडणं, थर अंथरून कच्चे टाके घालणं, कडेची पट्टी, कोपऱ्यातलं नाव, ह्याला अजून ९ तास धर, कमीच धरतेय. झाले ४० तास. सहाशेतून दोरा, साबण, वीज शंभर गेले की पाचशे राहिले, ४० तासांना. ताशी साडेबारा रुपये. आणि ते दोघींत.

रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ ला महाराष्ट्रात दिवसाचा रोज ३१२ रुपये होता, आठ तासांनी भागलं तर ३९ रुपये तास. माती उचलायला जे मिळतं त्याच्या तिसऱ्या हिश्शात तू लोकांच्या आयांच्या साड्या शिवतेस. मला हे लिहिताना त्रास होतोय कारण ही तुझी एकटीची गोष्ट नाही, वाकळ म्हणजे बायकांनी दुपारच्या वेळात रिकाम्या हाताने करायची गोष्ट असं आपणच धरून चाललोय, आणि ती दुपार फुकटची आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं कारण आधी ते आपल्याला वाटतं.

मग किती घ्यायचे? तासाला ५० धर, सुरुवातीला. ४० तासांचे २०००, वर सामानाचे शंभर, वर कधी दोरा तुटतो, सुई मोडते, एखादी ओळ उसवून परत घालावी लागते त्याचे दीड-दोनशे, म्हणजे २२०० ते २३००. हा आकडा ऐकून तुझ्या पोटात गोळा आला असेल. जुन्या गिऱ्हाइकांना एकदम सांगू नकोस, घेतलेल्या ऑर्डरी जुन्या भावाने पूर्ण कर, शब्द दिलाय तो पाळ. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला नवा भाव. निम्म्या जणी जातील. जाऊ देत. महिन्याला चार वाकळांऐवजी दोन झाल्या तरी हातात दुपटीच्या वर येतात आणि तुझी मान वाचते, हिशोब करून बघ.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. गिऱ्हाईक सहज म्हणतं, "जरा जवळजवळ टाके घाला हं, छान दिसतं." ओळींतलं अंतर बोटभराचं अर्धं बोट केलं की १७० चे ३४० मीटर होतात. तीच वाकळ, त्याच साड्या, तेवढाच आकार आणि तास दुप्पट. म्हणून भाव नुसता लांबी-रुंदीवर सांगू नकोस, दोन नमुने करून ठेव वीतभर तुकड्याचे, एक बोटभर अंतराचा, एक अर्ध्या बोटाचा, दोन्हींना वेगळा दर, हातात देऊन विचार कुठला हवा. डबल बेडची साडेसात बाय आठची असेल तर बोटभर अंतरानेही २९० मीटरच्या पुढे जातं, ती हजार-बाराशेत घेतेस का काय तू? पत्रात लिहिलेलं नाहीस पण मला शंका आहे.

साड्या किती लागतील तेही गिऱ्हाइकाला आधी सांगता आलं पाहिजे, लोक सहा-सहा साड्या आणतात आणि सगळ्या घाला म्हणतात. सहावारी साडीत पाच बाय सातचे जवळजवळ दोन थर निघतात, नऊवारीत तीनाला थोडं कमी पडतं. पाच थरांना तीन सहावारी पुरतात. त्याच्यावर गेलं की सुई जात नाही, वाकळ जड होते, ओली तर उचलतच नाही. जास्तीच्या साड्या असतील तर वरच्या थरात ठिगळांत येऊ देत, प्रत्येकीचा एक तुकडा दिसला की लोकांचं समाधान होतं. रेशमी जुनी साडी असेल तर फार जपून, घडीवर चिरत जाते ती, मागून पातळ सुती कापड लावल्याशिवाय वरच्या थरात घेऊच नकोस.

सासूबाईंचं बोलायचं राहिलं. त्या निम्मं काम करतात असं तू लिहिलंस आणि पुढे लिहिलंस "त्यांचं काय, घरातलंच आहे". घरातलं आहे म्हणून तर. त्यांचे तास वहीत लिही, त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या हातात दे, त्यांनी मग नातवंडांना खाऊ आणला तर आणू देत. तुझ्या पत्रावरून वाटतं की फेरे बाहेरून आत आणताना वाकळ कशी सपाट राहते, मध्ये फुगा येत नाही, ही कला त्यांच्याकडून तुला आलीय. ते शिकवणं फुकटात घेऊ नकोस.

मशिन. भाऊंना सांग की विचार चुकीचा नाही पण वेळ चुकीची आहे. १ लाख ३५ हजार, तीन वर्षं, १२ टक्के धरलं तर महिन्याला साधारण ४४८० हप्ता. एका नावाचे तू १५० घेतलेस आणि दोरा, मागचा कागद, वीज ३० गेले तर १२० राहतात, म्हणजे नुसता हप्ता फिटायला महिन्याला ३७-३८ नावं भरावी लागतील. सध्या तू महिन्याला चार-पाच भरतेस. आणि मुख्य म्हणजे हे मशिन वाकळ शिवत नाही! पाच थर त्याच्या रिंगेत बसतच नाहीत, ते फक्त वरच्या एका कापडावर भरतकाम करतं. तुझे ३१ तास ते वाचवणार नाही, वाचवलाच तर नावाचा अर्धा-पाऊण तास.

तरी पुढेमागे घ्यायचंच झालं तर दुकानात गेल्यावर दोन गोष्टी बघ. रिंग केवढी आहे, बरीच छोटी घरगुती मशिनं दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचीच असतात, त्यात "ज्ञानेश्वरी" कसं बसणार. आणि देवनागरी. मशिनमध्ये इंग्रजी अक्षरं आधीच भरलेली असतात, देवनागरी आहे का, का प्रत्येक नावाची फाइल बाहेरून करून घ्यावी लागणार, हे दुकानदाराला नुसतं विचारू नकोस, समोर भरून दाखवायला सांग. "अर्णव" भरून दाखवा म्हण, "श्रीशा" भरून दाखवा म्हण. रफार अक्षरावर नीट बसतो का, शिरोरेषा एकसलग येते का प्रत्येक अक्षरापाशी तुटते. तुटक शिरोरेषेचं नाव म्हणजे दात पडल्यासारखं दिसतं.

तोवर काय करायचं, तर कराडला ब्लाउजचं, शाळेच्या युनिफॉर्मच्या खिशावरचं काम करणारे कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाले शोध, ते टाक्यांच्या संख्येवर पैसे घेतात. वाकळ जोडायच्या आधी नुसता वरचा कापडाचा तुकडा त्यांच्याकडून नाव भरून आणायचा आणि मग थर लावायचे. हे आधी-नंतर महत्त्वाचं आहे, तयार वाकळेवर नाव भरलं तर मागून गाठी आणि कागद दिसतो आणि बाळाच्या अंगाला टोचतो, आधी भरलं तर सगळं आत झाकून जातं. असं वर्षभर कर, किती नावं झाली ते लिहून ठेव. महिन्याला सलग तीस-चाळीस व्हायला लागली की मशिन घे, मग मीच सांगेन घे म्हणून.

पण मला विचारशील तर वाकळेवर हातानेच भर. साखळी टाका, गाठीचा टाका, काज टाका, तुझ्या हाताचं. मशिनचं नाव पुण्यात गल्लोगल्ली मिळतं, हाताचं मिळत नाही. सहा पदरी लडीतले दोन पदर घेऊन भरलंस तर बारीक सुंदर येतं, सहाही पदर घेऊन भरतात ते जाड आणि भरड दिसतं.

कर्ज म्हणून नाही पण अवजारांसाठी म्हणून एक माहिती. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ कामांत दर्जी म्हणजे शिंपीकाम आहे, त्यात प्रशिक्षण आहे, १५ हजारांचं टूलकिट आहे आणि पहिलं १ लाखाचं कर्ज ५ टक्क्यांनी, १८ महिन्यांत फेडायचं. घरातल्या एकालाच मिळतं. सीएससी सेंटरला, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरून देतात तिथे, जाऊन चौकशी कर. टूलकिटमधून चांगली कात्री, चांगलं शिलाई मशिन झालं तर जोडणीचे तास कमी होतील, ते एम्ब्रॉयडरी मशिनपेक्षा जास्त उपयोगाचं. छोट्या उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी करून टाक, आधारवर होते, सरकारी साइटवर एक पैसा लागत नाही, हजार-दीड हजार मागणारे एजंट असतात त्यांना देऊ नकोस. जीएसटीची काळजी आत्ता नको, गिऱ्हाइकाच्या कापडावर शिलाई ही सेवा धरतात, त्याला वर्षाची २० लाखांची मर्यादा आहे, आपण त्याच्या जवळपासही नाही. स्वतःचं कापड घालून तयार माल दुसऱ्या राज्यात विकायला लागशील तेव्हा मात्र आधी एखाद्या सीएला विचार.

आता पुण्याची ऑर्डर. बाळाची वाकळ तीन बाय साडेतीन फुटाची, बोटभर अंतराने ५१ मीटर, म्हणजे नऊ तास टाके, वर जोडणी दोन तास. ११ तास. बाराच्या १३२ तास, २० दिवसांत. रोज साडेसहा तास, एकही सुट्टी नाही, पाहुणे नाहीत, कुणाला ताप नाही, आणि हातातल्या जुन्या ऑर्डरी बाजूला. कापड तुझंच, मलमल आणि दोरा धरून नगाला दीडशे-दोनशे जाणार. नाव बाहेरून भरून आणलं तर त्याचे वेगळे. ३५० मध्ये तुला नगामागे फार तर दीडशे-दोनशे राहतात, ११ तासांचे. ह्या भावात ही ऑर्डर घेऊ नकोस. कितीही मोठं दुकान असलं तरी.

ती म्हणेल एवढ्या भावात दुसरी देतेय. देऊ दे. म्हणेल पुढे खूप काम देईन. पुढचं काम पुढे बघू, ह्या बाराचं आत्ता बोल. ८५० सांग, एकगठ्ठा बारा आहेत म्हणून ८०० पर्यंत ये, त्याच्या खाली येऊ नकोस. अर्धे पैसे आधी. नावं तिने देवनागरीत टाइप करून पाठवायची, फोनवर सांगितलेली नावं घेऊ नकोस, "दिया" का "दीया" यावरून पूर्ण नग वाया जातो. कार्टूनची चित्रं भरून मागितली तर नाही म्हण, मिकी माऊस काय, छोटा भीम काय, त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात आणि दुकानात विकायला ठेवलेल्या मालावर तर मुळीच नको. मोर, कोयरी, हत्ती, चिमण्या, आपल्याकडे काय कमी आहे का. टिकल्या, मणी, जर, बाळाच्या वस्तूवर काही नाही. आणि वाकळ पातळ ठेव, दोन-तीन थरांची, अंथरायला म्हणून दे, वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत जाड सैल पांघरूण नको असं डॉक्टर सांगतात, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत घाल.

मदतीला गल्लीतल्या दोघी-तिघी घेशील तर घे, पण एक वाकळ एकीनेच सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायची. निम्मी एकीने निम्मी दुसरीने केली की चुणी पडते, एकीचा हात सैल असतो एकीचा घट्ट, धुतल्यावर तर स्पष्टच दिसतं. त्यांनाही तासाचाच भाव दे, तुला दुकान जो भाव देईल त्यातून, त्यांना वीस आणि तुला पन्नास असं करू नकोस.

आणि त्या दुकानवालीने तुला विचारलंय ना की "कांथा क्विल्ट" असं लेबल लावू का, नाही म्हण. बंगालच्या नक्षी कांथेला २००८ पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण, आहे, ते त्यांचं काम आहे, त्यांच्या बायकांचं. तुझ्या वस्तूला स्वतःचं नाव आहे. आमच्या नाशिककडे गोधडी म्हणतात, तुमच्याकडे वाकळ, खाली कर्नाटकात कौदी, लेबलवर "वाकळ, कराड" एवढं लिहायला सांग.

तिला असा मेसेज टाक, माझ्याच शब्दांत टाकलास तरी चालेल: "ताई नमस्कार. हाताने शिवलेली बाळाची वाकळ, ३ × ३.५ फूट, मलमल, कोपऱ्यात नाव, ८५० रुपये नग, बारा घेतल्यास ८००. २० दिवसांत सहा देऊ शकते, उरलेल्या सहा त्यापुढच्या १८ दिवसांत. निम्मी रक्कम आणि नावांची यादी मिळाली की काम सुरू करते. नमुना बघायचा असेल तर एक पाठवते, त्याचे पैसे आधी." पाठवलास की फोन बाजूला ठेव, मोतिया साडीवाल्या ताईकडे जाऊन ये, आणि पुण्याचं उत्तर येईपर्यंत मलमल आणू नकोस.